सोसण्याचा हिशेब

फार ताणलें कीं तुटतें, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. पतंगाच्या मांजापासून शेजाऱ्याच्या मैत्रीपर्यंत सर्वांस हा एकच नियम लावून आपण मोकळे होतों. या नियमांत मोठी सोय आहे. तुटण्याचा सारा दोष त्यामुळें शेवटच्या हिसक्याकडे जातो, आणि ज्यानें तो हिसका दिला नसेल त्यास हात झटकून बाजूस उभें राहतां येतें. परंतु हा नियम अर्धाच खरा आहे. घरांतली एखादी लोखंडी तार घ्यावी आणि दोन्ही हातांनीं ओढून पहावी. बळकट माणसाच्यानेंहि ती तुटत नाहीं. तीच तार एका जागीं इकडून तिकडे वाकवीत रहावें. थोड्याच वेळांत ती निमूटपणें दोन तुकडे होऊन हातांत येते. शेवटल्या खेपेस आपण तिला पहिल्या खेपेपेक्षां अधिक जोर लावलेला नसतो. मग ती त्याच खेपेस कां तुटली?

तर्कशास्त्राच्या वर्गांत मी दरवर्षीं धान्याच्या राशीचा प्रश्न सांगतों. ग्रीक तत्त्ववेत्ता युब्युलिडीझ याच्या नांवावर तो मोडतो. एका दाण्याची रास होत नाहीं, दोहोंचीहि होत नाहीं. मग एकेक दाणा टाकीत गेल्यास कोणत्या दाण्यापाशीं रास झाली? मुलें हसतात आणि याला शब्दांचा खेळ समजतात. तारेच्या बाबतींत मात्र तो खेळ राहत नाहीं, कारण येथें शेवटीं कांहीं तरी खरोखरच तुटतें, आणि प्रसंगीं त्यांत माणसें मरतात.

१८४२ सालच्या मे महिन्याच्या ८ तारखेस व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या एंजिनाचा आंस मोडला. डबे एकावर एक चढले, त्यांस आग लागली, आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणें डब्यांना बाहेरून कुलपें असल्यामुळें पन्नासाहून अधिक माणसें प्राणास मुकलीं. अशा मोडलेल्या आंसांविषयीं त्या वेळीं जाणत्यांनाहि एकच कोडें पडे: जो भार रोज वाहिला त्याच भारानें आज कां मोडावें? हादरे खाऊन खाऊन लोखंडाचे स्फटिक बनतात व तें ठिसूळ होतें, अशी एक समजूत प्रचलित होती. प्रशियाच्या रेल्वेंतील ऑगस्ट वोलर या अधिकाऱ्यानें पुढें ओडर नदीवरील फ्रँकफुर्ट येथें यंत्रें उभारून वर्षानुवर्षें आंस फिरविले, त्यांवर ठराविक भार टांगले, आणि प्रत्येक आंस किती फेऱ्यांनंतर मोडतो हें टिपून ठेवलें. त्याची थोरवी मला त्याच्या सिद्धान्तापेक्षांहि या मोजण्यांत वाटते. जें सोसलें जातें तें मोजावयाचें असतें, हें त्याच्या आधीं फार थोड्यांना सुचलें होतें. त्याला आढळलें तें असें कीं, एका झटक्यांत तोडण्यास जो भार लागतो त्याहून पुष्कळ कमी भारानेंहि धातु मोडते, मात्र तो भार पुनःपुन्हां उलटसुलट पडला पाहिजे. लोखंड व पोलाद यांच्या बाबतींत एक खालची मर्यादाहि त्यास दिसली. तिच्या आंत राहिल्यास कितीहि फेरे झाले तरी कांहीं बिघडत नाहीं. १९०३ सालीं यूइंग व हम्फ्री या इंग्लंडांतील दोघां संशोधकांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं लोखंडाच्या कणांवर प्रथम बारीक रेषा उमटतांना, मग त्या रुंदावतांना व अखेर त्यांच्या भेगा होतांना पाहिल्या. वरून जेथें कांहींच घडत नव्हतें तेथें आंत सारें घडत होतें. या प्रकाराला धातूचा शीण म्हणतात. नांव ज्यानें दिलें त्यानें माणसाकडे पाहूनच दिलें असणार.

हा शीण जिच्या नशिबीं जन्मापासूनच लिहिलेला आहे अशी एक वस्तु मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें दाखविली. तर्कशास्त्र सोडून तो यंत्रविद्येकडे वळला (त्यांत त्याचें भलेंच झालें) आणि आज कारखान्यांतील वाफेच्या नळांची आंखणी करतो. नळ तापला कीं वाढतो. शंभर मीटर लांबीचा पोलादी नळ शंभर अंशांनीं तापला तर सुमारें बारा सेंटिमीटर लांब होतो. ही वाढ अडविण्याचा प्रयत्न केला तर नळ वांकडा होईल, नाहीं तर ज्या भिंतीला तो बांधला असेल ती भिंत फुटेल. म्हणून दोन नळांच्या मध्यें पातळ पोलादी पत्र्याचा, पेटीच्या भात्यासारखा वळ्या-वळ्यांचा एक सांधा बसवितात. नळ वाढला कीं भाता मिटतो, नळ निवला कीं उघडतो. सारा कारखाना ताठ उभा असतो, आणि त्या ताठपणाची किंमत हा एकटा भाता वाकून भरीत असतो.

मीं सहज विचारलें कीं, हा भागच जर नाजूक, तर पत्रा जाड कां घेत नाहींत? विद्यार्थी म्हणाला, “सर, सगळे हेंच विचारतात.” जाड पत्रा दाबाला चांगला टिकतो, पण तेवढेंच अंतर वाकतांना त्याच्या अंगांत अधिक ताण उत्पन्न होतो आणि तो लवकर शिणतो. पातळ पत्रा सुखानें वाकतो, पण आंतल्या वाफेचा दाब त्याला फुगवूं पाहतो. म्हणून कित्येकदां एकांत एक बसविलेले दोन-तीन पातळ थर घेतात. एवढें करूनहि, अशा भात्याच्या वळ्या प्रत्येक फेऱ्यांत बहुधा त्या मर्यादेपलीकडे जातात कीं जिच्या आंत धातु पूर्ववत् होते. वोलरची ती सुखाची मर्यादा भात्याच्या वाट्याला येत नाहीं. त्याचें आयुष्य वर्षांत सांगत नाहींत, फेऱ्यांत सांगतात: कोठें हजार, कोठें कांहीं हजार. आणि त्यांतहि गणित सरळ नसतें. हालचाल निम्मी केली तर आयुष्य दुप्पट होत नाहीं, साधारणतः दहापटीच्या घरांत जातें. थोडेंसें कमी सोसावयास लावलें तर केवढा फरक पडतो, हें ऐकून मी कांहीं वेळ गप्प बसलों.

‘मन घट्ट कर’ हा आपला नेहमींचा उपदेश मला तेव्हांपासून संशयास्पद वाटूं लागला आहे. ज्याला वाकावयाचें काम दिलें त्याला जाड हो म्हणून सांगणें हें अज्ञान आहे. जाड झालेला माणूस वाकेल, पण आंतून अधिक चिरत जाईल.

आणखीहि दोन गोष्टी तेथें कळल्या. पहिली ही कीं, भाता एकटा कामाचा नाहीं. आंतला दाब त्याला लांबवून सरळ करूं पाहतो. म्हणून दोन्ही बाजूंच्या नळांना जमिनीशीं बळकट खुंट लागतात, आणि नळ सरळ रेषेंतच सरकावा म्हणून वाटेंत मार्गदर्शक आधार लागतात. भोंवतालचे आपआपल्या जागीं ठाम उभे राहतील तरच मधल्यानें लवचिक राहण्यास अर्थ आहे. दुसरी गोष्ट मला अधिक लागली. नळ जोडणाऱ्या कारागिरांची मापें पुष्कळदां चुकतात. दोन तोंडें समोरासमोर येत नाहींत. अशा वेळीं मधला भाता ओढून, पिळून तीं जुळवून टाकण्याचा मोह होतो. वळतो आहे ना? मग वळवा. कारखाना सुरू होण्यापूर्वींच त्याच्या वाट्याचें वळणें दुसऱ्यांच्या चुका झांकण्यांत खर्चून जातें. भाते बनविणारे आपल्या सूचनांत बजावून लिहितात कीं असें करूं नका. वाहतुकींत भाता हलूं नये म्हणून त्याला बांधलेले दांडे असतात; जागेवर बसविल्यावर ते विसरून राहूं नयेत म्हणून त्यांना पिवळा रंग देतात. तरीहि ते कधीं कधीं तसेच राहतात, असें तो हंसत म्हणाला.

या हंसण्याची दुसरी बाजू इंग्लंडांतील फ्लिक्सबरो येथें दिसली. लिंकनशायरमध्यें स्कंथॉर्पजवळ हें गांव आहे. तेथील कारखान्यांत नायलॉनला लागणारें कॅप्रोलॅक्टम तयार होत असे. सायक्लोहेक्झेन नांवाचा पेट्रोलसारखा ज्वालाग्राही द्रव सहा प्रचंड पात्रांतून क्रमानें वाहत जाई. पात्रें एकापुढें एक, प्रत्येक मागच्यापेक्षां थोडें खालीं, आणि त्यांना जोडणाऱ्या २८ इंची वाटेंत भाते. १९७४ सालच्या मार्चअखेर पांचव्या पात्राच्या अंगाला सुमारें सहा फूट लांबीची भेग आढळली. पात्र काढून टाकण्यांत आलें, आणि चौथें व सहावें यांना जोडणारा तात्पुरता नळ घालून कारखाना थोड्याच दिवसांत पुन्हां चालू करावा असें ठरलें. हाताशीं २० इंची नळ होता, तोच घेतला. दोन्ही तोंडें एका पातळीवर नसल्यामुळें नळाला दोन ठिकाणीं वांक द्यावा लागला. आराखडा म्हणून काय होतें, तर कारखान्याच्या जमिनीवर खडूनें काढलेली आकृति. दोन्ही टोकांना भाते तसेच ठेवले. खालून बांधकामाच्या पहाडासारखा लोखंडी नळ्यांचा आधार दिला. भात्यांवर काय ताण येईल याचें गणित कोणी केलें नाहीं. भाते बनविणाऱ्यांचें मार्गदर्शक पुस्तक कोणी उघडलें नाहीं. यांत्रिक कामावर देखरेख करणारा मुख्य अधिकारी त्या वर्षाच्या आरंभींच नोकरी सोडून गेला होता व त्याची जागा भरलेली नव्हती.

वांकड्या नळाचें गणित कठीण नाहीं. दोन माणसें एका वांशाच्या दोन टोकांना समोरासमोरून रेटूं लागलीं आणि त्यांचे रेटे एका रेषेंत नसले, तर वांसा फिरूं लागतो. आंतल्या दाबानें त्या नळालाहि असाच फिरविण्याचा जोर लावला, आणि तो जोर भात्यांवर आडवा पडला. भाता मिटण्या-उघडण्यासाठीं असतो; आडवा कातरला जाण्यासाठीं नसतो. तरी त्यानें दोन महिने तेंहि सोसलें. १ जून १९७४ रोजीं शनिवारीं सायंकाळीं पांचच्या सुमारास तो नळ निसटला, ज्वालाग्राही वाफेचा ढग पसरला व पेटला. कारखान्यांतील २८ माणसें ठार झालीं, त्यांपैकीं १८ एकट्या नियंत्रणकक्षांतलीं. सुटीचा दिवस नसता तर हा आंकडा किती तरी पटींनीं वाढला असता. चौकशीमंडळानें १९७५ सालच्या अहवालांत हाच तात्पुरता नळ कारण म्हणून धरला. दुसरें एक मत पुढें आलें होतें, तें त्यानें मानलें नाहीं.

हें शिणानें मोडणें नव्हे, हें मला कबूल आहे. दोन महिन्यांत तेवढे फेरे होत नाहींत. पण मूळ वृत्ति एकच आहे. त्या कारखान्यांतलीं माणसें दुष्ट नव्हतीं, आळशीहि नव्हतीं. उलट तीं रात्रंदिवस खपत होतीं. त्यांच्या मनांत एक वाक्य बसलें होतें एवढेंच: मध्यें भाता आहे, तो सांभाळून घेईल.

‘सांभाळून घेईल’ हे शब्द आपल्या घरोघरीं कोणाविषयीं तरी उच्चारले जातात. आणि त्यांना आपल्या नीतिशास्त्रांत भक्कम आधारहि मिळतो असें आपण समजतों. वेदान्तानें साधकाच्या षट्संपत्तींत तितिक्षेला स्थान दिलें आहे. सुखदुःखें प्रतिकार न करतां, विलाप न करतां सोसणें ही ती संपत्ति. परंतु ती साधकाची संपत्ति आहे, हें आपण सोयीनें विसरतों. मोक्षाची इच्छा धरून जो निघाला त्यानें ती स्वतःसाठीं कमवावयाची असते. सासूनें सुनेसाठीं, मालकानें नोकरासाठीं, थोरानें धाकट्यासाठीं तितिक्षेचा संकल्प सोडावा असें कोणत्याहि आचार्यानें सांगितल्याचें मला माहीत नाहीं. दुसऱ्याच्या वतीनें घेतलेलें सोसण्याचें व्रत हा जुलूमच होय. द्रौपदीला हें नीट कळलें होतें. वनपर्वांत युधिष्ठिराशीं वाद घालतांना ती प्रह्लाद व बलि यांचा संवाद सांगते. त्याचा रोख असा कीं नेहमींच तेज बरें नाहीं आणि नेहमींच क्षमाहि बरी नाहीं. सदा क्षमा करणाऱ्याला त्याचे चाकरसुद्धां जुमानीत नाहींत व त्याच्या वस्तु खुशाल उचलून नेतात. वनवासांत बसून हें बोलणाऱ्या बाईला सोसण्याचा अनुभव नव्हता असें कोण म्हणेल?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. प्रेमानें जो सोसतो तो हिशेब ठेवीत नाहीं. हिशेब ठेवला कीं प्रेम गेलें, उरला तो व्यापार. आईनें किती रात्री जागविल्या याची वही असती तर ती आई कसली? आक्षेप खरा आहे, पण तो चुकीच्या माणसाला उद्देशून घेतला जातो. भाता आपले फेरे मोजीत नाहीं; मोजावे असें कोणी म्हणतहि नाहीं. मोजावयाचे ते त्यानें कीं ज्याच्या वाढण्या-आकसण्यापायीं भात्याला वाकावें लागतें. सोसणाऱ्यानें हिशेब न ठेवणें हा त्याचा गुण असेल. सोसावयास लावणाऱ्यानेंहि तो न ठेवणें हा मात्र पहिल्याच्या गुणावर घातलेला दरोडा आहे. आपण दोघांच्याहि न मोजण्याला एकच नांव देतों आणि त्याला जिव्हाळा म्हणतों.

धातु आणि माणूस यांत भेद आहेतच. रात्रीची झोंप, एखादा चांगला शब्द, चार दिवसांचें माहेर यांनीं माणसाची चीर कांहीं अंशीं भरून येते. धातूची भेग विश्रांतीनें भरत नाहीं. माणसाला बोलतां येतें, धातूला नाहीं. या दुसऱ्या भेदावर मात्र माझा पूर्वीइतका भरंवसा राहिलेला नाहीं.

शिणानें मोडलेल्या धातूचा तुकडा विद्यार्थ्यानें मला दाखविला होता. मोडलेल्या अंगावर, ओहोटीचें पाणी मागें सरतांना वाळूंत उमटाव्या तशा कमानदार रेषा होत्या. त्या रेषा धरून मागें मागें गेलें कीं त्या एका ठिकाणीं येऊन लहान होत जातात. तेथें एखादा ओरखडा असतो, हत्याराची निसटती खूण असते. तुटणें शेवटीं झालें, पण त्याचा आरंभ तेथें असतो. पुष्कळदां तो वस्तु घडवितांनाच झालेला असतो.

आमच्या थोरल्या वहिनी तीस वर्षें आमच्या एकत्र कुटुंबांत होत्या. घरांत अकरा माणसें, अकरा स्वभाव. कोणाचें कोणाशीं जुळलें नाहीं कीं वहिनींनीं मध्यें पडावें. “वहिनी सांभाळून घेतील” हें वाक्य मी स्वतः किती वेळां बोललों असेन याची मोजदाद माझ्याजवळ नाहीं. बारा वर्षांपूर्वीं एके सकाळीं मीं चहा निवला म्हणून कुरकुर केली. नेहमींचीच कुरकुर. वहिनींनीं कप उचलला, मोरींत ओतला, हात पुसले, आणि दुपारच्या गाडीनें त्या लेकीकडे कोल्हापूरला निघून गेल्या. दादाहि महिन्याभरानें त्यांच्या मागून गेले. भांडण झालें नाहीं. सणावारीं पत्रें, फोन, सारें रीतसर; पण त्या पुन्हां त्या घरांत राहावयास आल्या नाहींत. आम्ही सर्वांनीं वर्षानुवर्षें एकच चर्चा केली: एवढ्याशा चहावरून कोणी असें जातें काय?

गेल्या दिवाळीनंतर मी त्यांना भेटावयास गेलों. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. शेवटीं धीर करून म्हटलें, “वहिनी, त्या दिवशींच्या चहाचें माझें चुकलेंच.”

त्यांना खरोखरच आठवेना. “कसला चहा, भाऊजी?” असें म्हणून त्या विचार करूं लागल्या. मग बराच वेळ वातींचा कापूस पिंजीत बसल्या, आणि त्यांनीं आपण होऊन भलतीच गोष्ट काढली. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यांत त्यांचे वडील आजारी असल्याची तार आली होती. घरांत कार्य होतें, पाहुणे भरले होते. आई म्हणाली, कार्य उरकूं दे, मग जा. त्या थांबल्या. कार्य उरकून त्या वाईला पोंचल्या तेव्हां वडिलांचा तिसरा दिवस होता.

“तुमचीच मुंज होती ती,” वहिनी म्हणाल्या. “तुम्हांला कोठून आठवणार? तुम्ही केवढेसे होतां.”

मला ती मुंज चांगली आठवते. मातृभोजनाच्या पंक्तींत नवीं लुगडीं नेसलेल्या बायकांत वाढावयास वहिनीहि होत्या. मीं पुरे म्हटलें तरी त्यांनीं हंसून माझ्या पानांत आणखी एक जिलबी वाढली होती.